गव्हात सोयाबीन दळा, पण आधी उकळून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोंगणीच्या हंगामाचे निमित्त साधून आपल्या दैनिकाच्या पुरवणीत घरच्या सोयाबीनचा आहारात उपयोग कसा करावा, याविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. ज्या पिकाच्या भावासाठी आपला शेतकरी दरवर्षी बाजार समितीच्या ओट्यावर ताटकळत उभा राहतो, त्या पिकातील दोन-चार पायल्या घरात राहाव्यात आणि पोराबाळांच्या पोटात जाव्यात, हा लेखाचा हेतू चांगलाच आहे. मात्र 'नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन टाकून दळून आणावे' एवढे सांगून लेख पुढे सरकतो. ते सोयाबीन दळण्यापूर्वी उकळून वाळवून घ्यावे लागते, हे त्यात कोठेही आलेले नाही. आमच्या तालुक्यात, आणि मला वाटते वाशीम-अकोल्यापासून वर्ध्यापर्यंत, बहुतेक घरी हीच चाल आहे. पोत्यातले सोयाबीन पाखडायचे, गव्हात मिसळायचे आणि डबा थेट चक्कीवर पाठवायचा. पोळी मऊ होते, पीठ पौष्टिक झाले असे समाधान मिळते, आणि सोयाबीनमधील ज्या प्रथिनांसाठी हा खटाटोप केला त्यांचा बराच भाग न पचताच वाया जातो. हा मुद्दा सविस्तर मांडण्यास आपण जागा द्यावी, ही विनंती.

कोणतेही बी हे मुळात आपल्या जेवणासाठी तयार झालेले नसते. अंकुराला पाने फुटून तो स्वतःचे अन्न करू लागेपर्यंत पुरेल एवढी शिदोरी वनस्पती त्यात भरून ठेवते, आणि ती शिदोरी किडीने, पाखराने किंवा जनावराने फस्त करू नये म्हणून तिच्याभोवती काही रासायनिक पहारेही बसवते. धान्य, कडधान्य आणि तेलबिया या तिन्हींत हे पहारे कमीअधिक प्रमाणात असतात. कोठे ते टरफलातील तुरट टॅनिन असते, कोठे खनिजे धरून ठेवणारे फायटिक आम्ल, तर कोठे पचनालाच अटकाव करणारी प्रथिने. सोयाबीन हे अत्यंत श्रीमंत बी आहे. त्यात ३५ ते ४० टक्के प्रथिने आणि सुमारे २० टक्के तेल असते. तुरीच्या डाळीत प्रथिने २० ते २२ टक्क्यांच्या आसपास असतात आणि गव्हात ११-१२ टक्के, हे लक्षात घेतले म्हणजे ही श्रीमंती कळते. शिदोरी एवढी मोठी, तेव्हा पहाराही तसाच कडक आहे.

या पहाऱ्यातील मुख्य शिपाई म्हणजे ट्रिप्सिनरोधक प्रथिने. आपण खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे करण्याचे काम लहान आतड्यात प्रामुख्याने ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य करते, आणि ते स्वादुपिंडातून येते. कच्च्या सोयाबीनमधील रोधक प्रथिन या ट्रिप्सिनला असे घट्ट चिकटते की कुलपात किल्ली मोडून अडकावी तसे ते निकामी होऊन बसते. गोष्ट येथेच थांबत नाही. ट्रिप्सिन कमी पडते आहे असा निरोप शरीराकडून स्वादुपिंडाला जातो, ते आणखी पाचकरस स्रवते, तोही बांधला जातो आणि मळावाटे बाहेर पडतो. या पाचकरसात सल्फर असलेली अमिनो आम्ले (प्रथिने ज्यांची बनतात ते घटक) बरीच असतात, आणि सोयाबीनमध्ये नेमकी तीच, म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टिन, तोकडी असतात. म्हणजे जे आधीच कमी मिळणार होते तेच शरीर स्वतःच्या गाठीतून आणखी घालवते. कच्च्या सोयाबीनने प्रथिने 'कमी मिळतात' असे म्हटले जाते, ते म्हणूनच अपुरे आहे. जवळचीही काही खर्च होतात.

ही माहिती आजची नव्हे. अमेरिकेतील थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल (वाटाण्यावर प्रयोग करणारे ते मेंडेल वेगळे) यांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते की कच्चे सोयाबीन खाणाऱ्या उंदरांची वाढ खुंटते आणि तेच सोयाबीन शिजवून दिले की वाढ सुधारते. त्यामागचे कारण बरेच नंतर उलगडले. रॉकफेलर संस्थेतील मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये सोयाबीनमधील रोधक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे काढले, आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे बोमन आणि बर्क या दोघांच्या नावाने ओळखले जाणारे दुसरे रोधक प्रथिनही सापडले. कच्च्या सोयाबीनवर वाढवलेल्या उंदरांत आणि कोंबडीच्या पिलांत स्वादुपिंड आकाराने मोठे होते, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. माणसात तसेच होते असे म्हणण्यास तितका आधार नाही, त्यामुळे आजवर कच्च्या सोयाबीनच्या पिठाची पोळी खाल्लेल्या कोणीही धास्ती घेण्याचे कारण नाही. हे विष नव्हे. परंतु पीठ ज्या घरी दळले जाते तेथे वाढत्या वयाची मुले असतात, बाळंतीण असते, वर्षातून थोडेच दिवस दूध दिसणारी म्हातारी माणसे असतात, आणि त्यांच्याच ताटात प्रथिने जावीत म्हणून हा प्रपंच असतो. तेथे ती वाया जाणे परवडणारे नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पोळी तव्यावर भाजली जातेच, मग सोयाबीन कच्चे कसे राहिले? प्रश्न रास्त आहे. रोधक प्रथिने उष्णतेने मोडतात, आणि पोळी भाजताना त्यांचा काही अंश जातोही. पण तो पुरेसा नसतो, कारण येथे उष्णता किती यापेक्षा ती किती वेळ टिकली आणि सोबत ओलावा किती होता, याला अधिक महत्त्व आहे. पोळी तव्यावर मिनिट-दोन मिनिटे असते. तिचा पृष्ठभाग डागळतो, आतला भाग जेमतेम उकळबिंदूजवळ पोहोचतो आणि लगेच पोळी उतरवली जाते. कुनिट्झच्या रोधकात रेणूला बांधून ठेवणारे सल्फरचे दोन दुवे असतात, तर बोमन-बर्क रोधकात असे सात. आकाराने लहान असूनही हा दुसरा रोधक म्हणूनच उष्णतेला अधिक चिवटपणे तोंड देतो. या दोघांचा बंदोबस्त करायचा तर दाण्याच्या आतपर्यंत दमट उष्णता पोहोचावी लागते आणि काही काळ तेथे राहावी लागते. कोरड्या भाजणीने हे काम कमी होते. वरून टरफल करपते, आतला गर तसाच राहतो, आणि भाजणी फार लांबवली तर लायसिन हे मोलाचे अमिनो आम्ल खराब होऊ लागते. सोयाबीनचे फुटाणे करायचेच असतील तर दाणे आधी भिजवून ओले असतानाच तापलेल्या वाळूत भाजावेत, असे त्यामुळेच सांगितले जाते.

विशेष म्हणजे हे ज्ञान आपल्या भागात नाही असे मुळीच नाही. अमरावतीकडील कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला विचारावे. तो पक्ष्यांच्या खाद्यात कच्चे सोयाबीन घालणार नाही. तेल काढून उरलेली सोयाबीनची ढेप वाफेवर नीट भाजली गेली आहे की नाही, याची तो खरेदीपूर्वी खात्री करून घेतो. त्यासाठी व्यापारात युरिएजची साधी चाचणी प्रचलित आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) असते, ते युरियाचे विघटन करून अमोनिया सोडते आणि चाचणीतील फिनॉल रेडचा रंग गुलाबी होतो. हे विकर आणि ट्रिप्सिनरोधक जवळपास सारख्याच उष्णतेने निकामी होत असल्याने, गुलाबी डाग फार दिसले की ढेप कच्ची राहिली असे समजायचे. गाई-म्हशींना युरिया घातलेला चारा देणाऱ्यांनाही पशुवैद्य याच कारणाने कच्च्या सोयाबीनपासून जपायला सांगतात. कोंबडीच्या खाद्याची एवढी पारख आपण करतो. अंगणवाडीतील लेकराच्या पोळीची मात्र कोणी करत नाही, हे मला खटकते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि तो बहुधा आजीच्या नावाने घेतला जातो. आजी हरभरा, उडीद, मूग सारे कच्चेच दळत असे, तिला कोठे काय झाले? येथे दोन गोष्टी पाहाव्या लागतात. ट्रिप्सिनरोधक हरभऱ्यातही आहेत, पण सोयाबीनमध्ये त्यांचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक असते. शिवाय बेसनाचे आपण काय करतो ते पाहावे. झुणका किंवा पातळ पिठले रटरटा शिजते, पातोडी आधी थापून मग रश्श्यात उकळते, वडे खोल तेलात तळले जातात. डाळीचे पीठ पाण्यासह दीर्घकाळ तापवण्याची पद्धत आपल्या स्वयंपाकात मुरलेली आहे. सोयाबीनची गोष्ट वेगळी. विदर्भात हे पीक पसरले ते १९८० आणि ९० च्या दशकांत. १९९४ मध्ये आलेल्या जेएस-३३५ या वाणाने तर ज्वारीची आणि काही ठिकाणी कपाशीचीही रानेच्या राने व्यापली. ते नगदी पीक म्हणून आले, तेलाच्या कारखान्याकडे तोंड करून आले, आणि घरात शिजवण्याची पिढीजात रीत त्याच्यासोबत आली नाही. ज्या चीन-जपानात ते शतकानुशतके खाल्ले जाते, तेथे ते बहुधा उकडून, आंबवून किंवा दूध काढून आणि ते दूध उकळून खाण्याची प्रथा आहे. आजीचा दाखला द्यायचा तर आजीने जे बी हाताळले त्याचाच द्यावा.

तसा दाखला आपल्याकडे आहेही, आणि तो लाखोळीचा आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात उभ्या धानाच्या बांधीत लाखोळी या कडधान्याचे बी फेकून पेरले जाते आणि धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर ती येते. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. या डाळीत ओडॅप नावाने ओळखले जाणारे द्रव्य असते, आणि दुष्काळात दुसरे काही न मिळाल्याने ज्यांनी महिनोन्महिने मुख्यतः हीच डाळ खाल्ली त्यांच्या पायांतील बळ गेल्याच्या घटना मध्य भारतात घडलेल्या आहेत. त्यामुळेच १९६१ मध्ये अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. परंतु लाखोळीतील दोष पाण्यात विरघळणारा आहे. भरपूर गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी फेकून दिले, किंवा जास्त पाण्यात उकळून पाणी निथळले, तर त्याचा मोठा भाग निघून जातो. सोयाबीनच्या बाबतीत नुसते भिजवून पाणी फेकल्याने रोधक जात नाहीत, तेथे उष्णताच लागते. प्रत्येक बियाची खोड वेगळी, म्हणून तिच्यावरचा इलाजही वेगळा. 'सर्व कडधान्ये रात्रभर भिजवा म्हणजे झाले' असा सरसकट सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. जवसाचेही तसेच. अख्खे जवस बहुधा जसेच्या तसे बाहेर पडते, म्हणून ते कुटावे लागते. भाजल्याने त्यातील सायनाइडजनक द्रव्ये कमी होतात, आणि कुटल्यावर तेलातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल हवेने लवकर खवट होते, म्हणून चटणी थोडी थोडी करावी लागते. आपल्याकडच्या बायका जवस भाजून, कुटून, आठवड्यापुरतेच करतात, ते यामुळे अगदी योग्य ठरते.

आता प्रत्यक्ष कृती. सोयाबीन आधी नीट निवडून घ्यावे. सोंगणीच्या वेळी पाऊस लागलेले डागी, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे काढून टाकावेत. मोठ्या गंजात दाण्यांच्या तिप्पट पाण्याला आधण येऊ द्यावे आणि खळखळत्या पाण्यातच दाणे सोडावेत. थंड पाण्यात टाकून मग चूल पेटवण्यापेक्षा हे बरे, त्याला कारण आहे. सोयाबीनला जो कच्चट, हिरवट वास येतो आणि ज्यामुळे मुले पोळी बाजूला सारतात, तो लायपॉक्सिजिनेज या विकरामुळे येतो. दाणा फुटून ओलावा आणि हवा मिळाली की हे विकर त्यातील तेलावर काम सुरू करते. उकळत्या पाण्यात दाणे पडताच ते निकामी होते. पाणी पुन्हा उकळू लागल्यापासून २५ ते ३० मिनिटे दाणे उकळावेत आणि ते पाणी टाकून द्यावे. त्या पाण्यासोबत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्कराही काही प्रमाणात जातात. त्या पचवणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते, मोठ्या आतड्यातील जंतू त्या आंबवतात आणि पोट डब्ब होते. सोयाबीन 'वायुकारक' आहे या तक्रारीचे मूळ तेथे आहे. थोडी जीवनसत्त्वेही पाण्यावाटे जातात हे खरे, पण तो व्यवहार घाट्याचा नाही. उकळलेले दाणे हाताने चोळले की टरफले सुटतात, ती ढोरांच्या कुटारात जाऊ द्यावीत. मग दाणे स्वच्छ कपड्यावर पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावेत. दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत ते वाळले पाहिजेत, कारण ओल राहिली तर डब्यात बुरशी येते आणि चक्कीच्या पाट्यांना पीठ चिकटून गिरणीवाल्याची बोलणी खावी लागतात. एकट्या सोयाबीनमधील तेलाने पाटे गच्च होतात, म्हणून ते नेहमी गव्हात मिसळूनच दळावे.

नऊ भाग गहू आणि एक भाग असे तयार केलेले सोयाबीन, हे प्रमाण ठीक आहे. त्याने पिठातील प्रथिने साडेअकरा टक्क्यांच्या आसपास असतील तर चौदाच्या पुढे जातात, आणि गव्हात जे लायसिन कमी असते ते सोयाबीन भरून काढते. यापेक्षा अधिक टाकले तर कणकेतील चिकटपणा कमी होऊन पोळी लाटताना फाटते. पिठात आता तेल अधिक असल्याने ते पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. उन्हाळ्यात तर आठवड्याचेच दळावे. ज्यांना एवढा व्याप जमत नाही त्यांनी दाणे रात्री भिजवून सकाळी कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या देऊन उसळ करावी. बाजारातील सोयावडीला मात्र हा नियम लागू करण्याची गरज नाही, कारण ती तेल काढलेल्या पिठावर यंत्रात मोठी उष्णता आणि दाब देऊनच तयार केलेली असते. घरी सोयाबीनचे दूध काढणाऱ्यांनी ते गाळल्यानंतर किमान पंधरा-वीस मिनिटे उकळावे. पहिला फेस वर आला म्हणजे दूध उकळले असे समजून ते उतरवू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. ज्या घरी सोयाबीन नाही किंवा विकण्यावाचून गत्यंतर नाही, त्या घराने आपण काही मोठे गमावले असे मानू नये. ज्वारीत लायसिन कमी आणि तुरीत भरपूर. तुरीत मेथिओनिन कमी आणि ज्वारीत त्या मानाने बरे. भाकर आणि वरण एका ताटात आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. यात एक बारकावा असा आहे की ज्वारीतील प्रथिने शिजवल्यावर पचायला काहीशी जड होतात. त्यांचे रेणू ओल्या उष्णतेत एकमेकांशी सल्फरच्या दुव्यांनी जखडले जातात. म्हणजे ज्या दमट उष्णतेने सोयाबीन सुधारते तिनेच ज्वारीची पचनीयता थोडी घटते. आंबवल्याने यात सुधारणा होते, आणि म्हणून उन्हाळ्यात केली जाणारी आंबील केवळ थंडाव्याची नव्हे तर आहाराच्या दृष्टीनेही बरी आहे. अलीकडे ती मुलांच्या वाट्याला येत नाही. बाटलीतले रंगीत पाणी मात्र खेड्यातल्या टपरीवरही मिळते.

लोहाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या भागातील मुली आणि बाया यांच्यातील पंडुरोग सर्वांना ठाऊक आहे. सोयाबीनमध्ये लोह आहे म्हणून ते खा, असे सांगितले जाते. पण सोयाबीनमधील फायटिक आम्ल त्या लोहाला आणि जस्ताला धरून ठेवते, आणि हे आम्ल उकळण्याने विशेष कमी होत नाही. बिया भिजवून मोड आणले की त्यातील फायटेज हे विकर जागे होते आणि फायटिक आम्ल मोडू लागते. म्हणून मोट (मटकी), मूग, बरबटी (चवळी) यांना मोड आणून खाणे लोहासाठी अधिक फायद्याचे. ज्वारीला मात्र मोड आणून कच्चे खाऊ नये, कारण तिच्या कोवळ्या कोंबांत सायनाइडजनक धुरिन तयार होते. जेवणात लिंबू पिळले, आवळा किंवा कच्चा कांदा-टोमॅटो घेतला तर त्यातील क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. आमच्याकडे शेतावरून आल्यावर जेवण आणि चहा यांच्यात फारसे अंतर नसते, तेवढे तासाभराने वाढवले तरी पुरे.

संशोधकांनीही सोयाबीनच्या या दोषावर बीजापासूनच उपाय शोधला आहे. इंदूर येथील भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने कुनिट्झ रोधक नसलेला एनआरसी १२७ हा वाण दिला, आणि पुढे एनआरसी १४२ या वाणात त्यासोबत वासाला कारणीभूत असलेल्या लायपॉक्सिजिनेजचा एक प्रकारही काढून टाकला. घरी खाण्यासाठी चार तासे या वाणांची लावावीत, असे मी आग्रहाने सुचवीन. तरी बोमन-बर्क रोधक या वाणांतही राहतोच, त्यामुळे उकळण्याचा वेळ कमी करता येईल, पण उकळणे टाळता येणार नाही. हा माल बाजार समितीत नेला तर त्याला निराळा भाव मिळत नाही. तेथे ओलावा, डागी दाणे आणि मातेरे पाहिले जाते, तेलाचे कारखाने तेलाकडे पाहतात, खाणाऱ्याच्या पोटाचा विचार त्या साखळीत कोठेच येत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हा माल वेगळा ठेवून, उकळून, वाळवून 'तयार सोयाबीन' म्हणून गावातच विकला तर बचत गटांना काम मिळेल आणि चक्कीवर डबा घेऊन येणाऱ्या बाईची तीन दिवसांची उस्तवारी वाचेल. गावोगावच्या चक्कीवाल्यांनीही 'सोयाबीन उकळून वाळवलेले असेल तरच गव्हात दळून मिळेल' अशी पाटी लावावी. त्यांचे पाटेही कमी भरतील. अंगणवाडी सेविकांच्या बैठकांत आणि कृषी सहायकांच्या शेतीशाळांत या एका गोष्टीसाठी दहा मिनिटे दिली तरी पुष्कळ झाले.

शेवटी एक सूचना, जी या लेखाशी थेट संबंधित नसली तरी याच पोत्याशी संबंधित आहे. पेरणीतून उरलेले, बुरशीनाशक लावलेले, गुलाबी किंवा लालसर रंगाचे बियाणे काही घरी 'एवढे महागाचे बी वाया कशाला घालवायचे' म्हणून धुऊन धान्यात मिसळले जाते, किंवा कोंबड्यांपुढे टाकले जाते. ते धुऊन स्वच्छ होत नाही, आणि उकळूनही नाही. ते कोणत्याही पिठात, कोणत्याही ढेपेत जाऊ नये. पुढील हंगामात पेरायचे नसेल तर कृषी सहायकाला विचारून त्याची विल्हेवाट लावावी. आपल्या पुरवणीने सोयाबीनवरील लेखाचा दुसरा भाग काढल्यास उकळण्याच्या कृतीसोबत हेही चौकटीत छापावे, अशी माझी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ